चोपड्याहून पवईला: टेकफेस्टच्या निमित्ताने आयआयटी मुंबई

आमच्याकडे पोरगं अकरावीत गेलं की घरात आयआयटीचं नाव निघतं आणि राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासच्या फीची जुळवाजुळव सुरू होते. ती संस्था दिसते कशी, हे मात्र फारसं कोणी बघितलेलं नसतं. म्हणून डिसेंबरात आमच्या कॉलेजातली काही पोरं आणि दोन-चार पालक घेऊन टेकफेस्टला, म्हणजे आयआयटी मुंबईच्या तंत्रज्ञान महोत्सवाला गेलो. एरवी आतल्या कोणाच्या ओळखीशिवाय गेटवर डाळ शिजत नाही. टेकफेस्टला आधी ऑनलाइन नोंदणी केली की बाहेरच्यांनाही जाता येतं. नोंदणी घरूनच उरका, ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रत्येकाच्या नोंदणीचा स्क्रीनशॉट काढून घ्या. गर्दीत नेटचा भरवसा नाही.

चोपड्याहून एसटीने जळगाव, तिथून रात्रीची गाडी. तिकीट मुंबईचं असलं तरी ठाण्यालाच उतरा. पुढे स्लो लोकलने कांजूरमार्ग. फास्ट तिथे थांबत नाही. सकाळी आठनंतर त्या लोकलमध्ये शिरणं हीच एक प्रवेशपरीक्षा आहे, तेव्हा गाडी लवकर पोचणारी निवडा. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. कांजूरला पश्चिमेकडून बाहेर पडलं की रिक्षा आणि बेस्टची बस, दोन्ही मिळतात. खानदेशातल्या थंडीला घातलेले स्वेटर ठाण्यातच पिशवीत जातात, त्यासाठी एक रिकामी पिशवी असू द्या.

आत शिरल्यावर पहिला धक्का झाडांचा. कॅम्पस पवई तलावाला लागून आहे. तलाव 1891 सालचा, मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला. आता त्यात मगरी आहेत, म्हणून काठावर सेल्फी नकोत. कॅम्पसमध्ये ‘टमटम’ नावाची बस फिरते. आम्ही ती सोडून पायी निघालो, तर अर्ध्या तासात एका नानांनी विचारलंच, “आखो कितलं चालनं शे?” (अजून किती चालायचंय?) पुढे रस्त्याच्या मधोमध एक बैल निवांत रवंथ करत बसलेला, आणि हातात रोबो घेतलेली पोरं त्याला वळसा घालून जाताहेत. नाना चालणं विसरून त्याची शिंगं न्याहाळत उभे राहिले.

मेन बिल्डिंगजवळ सावलीत बसून पोरांना इतिहास सांगितला. तुम्हीही सांगा, कारण प्रदर्शनातले ड्रोन यूट्यूबवरही दिसतात. ही दुसरी आयआयटी; पहिली खरगपूरची, 1951 ची. पहिलं सत्र 25 जुलै 1958 ला सुरू झालं तेव्हा पवईत बांधकामच चालू होतं. वर्ग भरले वरळीला, तात्पुरत्या जागेत. 3,400 हून जास्त अर्जांतून 100 विद्यार्थी घेतले होते. (म्हणजे रांग तेव्हाही होतीच.) पवईला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली ती 10 मार्च 1959 ला.

यंत्रं आणि माणसं आली सोव्हिएत रशियाकडून, युनेस्कोमार्फत. 59 तज्ज्ञ आणि 14 तंत्रज्ञ तिकडून आले, आणि इथल्या 27 प्राध्यापकांना तिकडे शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. 1965 मध्ये दोन देशांत थेट करार होऊन आणखी मदत आली. त्याच काळात मद्रासच्या आयआयटीला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. जग दोन गटांत फाटलेलं असताना आपण दोन्हीकडून प्रयोगशाळा उभ्या करून घेतल्या, हा व्यवहार मला फार हुशारीचा वाटतो. कानपूरला आयबीएमचा संगणक, तर पवईला रशियन ‘मिन्स्क-२’. “सर, त्यात किती जीबी?” असं एकाने विचारलं. जीबी कुठलं, भाऊ! खोलीभर यंत्र होतं ते.

आता गंगा थोडी उलटी वाहते. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर 2008 पासून इथे संयुक्त अकादमी आहे, तिथे दोन्ही संस्थांची मिळून पीएचडी मिळते. आणि 1973 मध्ये इथे विद्यार्थी म्हणून आलेल्या नंदन निलेकणींनी 2023 मध्ये 315 कोटी दिले. हा आकडा ऐकून पालक पोरांपेक्षा जास्त गंभीर झाले.

पोरांशी बोलणारे विद्यार्थी शोधायचे तर विभागांच्या प्रदर्शनांत जा; मोठ्या स्टेजवरच्या कार्यक्रमांना रांगेतच दिवस जातो. आमच्या पोरांना धातुशास्त्राच्या एका मुलाने तासभर दिला, आणि ‘मार्क किती लागतात’ यापलीकडचे प्रश्न तेव्हाच निघाले. सोबत गेलेल्या पालकांना एकच विनंती: तिथे पोराला “बघ, असं व्हायला पाहिजे” म्हणू नका. त्याला दिसतंय. रसायन अभियांत्रिकीची ओढ असेल तर जळगावला आपल्या उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) आवारातली रसायन तंत्रज्ञान संस्थाही एकदा दाखवा. एसटीच्या भाड्यात होतं.

जेवणाच्या स्टॉलवर दुपारी भलती झुंबड असते. आम्ही कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, झाडाखाली बसून खाल्ली. परतीची गाडी रात्रीची असली तरी कॅम्पस पाचच्या आत सोडा. संध्याकाळी कांजूरपर्यंत रिक्षा हलत नाही, आणि ठाण्याकडच्या लोकलमध्ये बायका-पोरांसकट चढायचं तर दोन गाड्या सोडायची तयारी ठेवा. ठाण्याला गाडी फार थोडा वेळ थांबते. डब्याची जागा आधीच विचारून उभे राहा.