सव्वा किलो सपीठ

रविवार, रात्री साडेनऊ. वाशी.

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आला की चर्चमधल्या तरुणांच्या शास्त्राभ्यासात बलिदान, क्षमा आणि विश्वास हे तीन विषय ठरलेले. सुरुवात बहुतेक ठिकाणी देवाच्या सांगण्यावरून मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघालेल्या अब्राहामापासून होते आणि गाडी तिथेच अडते. 'असा कसा बाप?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. प्रश्न रास्तच आहे, पण त्याला उत्तर देण्यात दीड तास जातो आणि क्षमेपर्यंत कुणी पोचतच नाही. ज्यांना हा वर्ग घ्यायचा आहे त्यांच्यासाठी म्हणून आज नीट लिहून ठेवतो. सुरुवात लेवीयपासून, म्हणजे बायबलातल्या अर्पणांच्या आणि नियमांच्या पुस्तकापासून करा.

लेवीय म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. तरी सहाव्या अध्यायाची पहिली सात वचनं मोठ्याने वाचायला लावा. शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडलं, सापडलेली वस्तू 'मला मिळालीच नाही' म्हणून नाकारली, वर खोटी शपथ घेतली. ऐरोलीला किंवा घणसोलीला तिघांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. डिपॉझिटच्या पैशांवरून मैत्र्या तुटलेल्या त्यांनी पाहिल्यात. शास्त्राने सांगितलेला उपाय असा: घेतलेलं सगळं परत, त्यावर आणखी पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पणाच्या (अपराधाबद्दल देवापुढे द्यायच्या बळीच्या) दिवशीच ज्याचं त्याच्या हातात. मेंढ्याचा उल्लेख येतो तो यानंतरच्या वचनात. पाच हजार दाबले असतील तर सहा हजार द्यायचे. हा आकडा फळ्यावर लिहाच. देवाकडे क्षमा मागायची आणि माणसाचे पैसे बुडवायचे, ही सोय इथे नाही. येशूनेही वेदीपुढचं अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं (मत्तय ५:२३-२४). त्यामागे हीच जुनी शिस्त आहे. येशूला भेटून बदललेला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो, तेव्हा त्याने पाचव्या हिश्शावर न थांबता मेंढरू चोरणाऱ्याचा दंड (निर्गम २२:१) स्वतःला लावून घेतला, हे मग मुलांच्या आपसूक लक्षात येतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. काही कॅथलिक आवृत्त्यांत हीच वचनं ५:२०-२६ अशी येतात. गटात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही असतील, वर निम्मे जण फोनवर इंग्रजीत वाचत असतील, तर दहा मिनिटं पानं शोधण्यात जातात. उताऱ्याच्या प्रती छापून आणाव्यात, दोघांत एक पुरते.

दुसरी गोष्ट पिठाची. लेवीय ५:७-१३ मध्ये पापार्पणाच्या पायऱ्या आहेत. मेंढी किंवा शेळी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, त्यावर तेल नाही, धूप नाही. एफा हे जुनं इब्री माप साधारण बावीस लिटरांचं धरलं, तर हे होतं सव्वादोन लिटर, म्हणजे जवळजवळ सव्वा किलो. सव्वा किलो मैद्याची पिशवी खरंच टेबलावर ठेवा. 'रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पिशवी पाहून कुणीतरी विचारतंच, मग यात रक्त कुठे आहे? तेव्हा इब्री ९:२२ उघडायचं. तिथे 'बहुतेक सर्व काही' रक्ताने शुद्ध होतं असं लिहिलंय, आणि पाठांतरात नेमका तो 'बहुतेक' गळतो. गरिबाच्या पिठासाठी नियमशास्त्राने जागा ठेवली होती. येशूच्या आईबापांनी मंदिरात काय नेलं तेही लगेच पाहून घ्यावं. लूक २:२४ मध्ये पक्ष्यांची जोडी आहे. ते अर्पण बाळंतपणानंतरच्या शुद्धीचं, कारण वेगळं, पण ही सवलत गरिबाचीच (लेवीय १२:८).

'बळी' या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं. आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला नवसाचा बोकड येतो. शेजार आगरी-कोळी असला की हे घरचंच चित्र आहे. त्याला नाकं मुरडू नयेत, उलट त्यातूनच पुढे जावं. होमार्पणात सगळं मांस वेदीवर जळतं, कुणाच्या पानात काही पडत नाही. शांत्यर्पण मात्र वाटून खायचं असतं, आणि त्यात नवसाचं अर्पण चक्क नाव घेऊन आलंय (लेवीय ७:१६). त्या दिवशी खा, उरलं तर दुसऱ्या दिवशी खा, तिसऱ्या दिवशी उरेल ते जाळून टाका. उपकारस्तुतीच्या अर्पणाला तर तेवढीही मुदत नाही, त्याच दिवशी संपवायचं. एका घराला अख्खा बोकड एका दिवसात संपत नाही, लोकांना बोलवावंच लागतं. मला वाटतं, नियमाचा रोख तिकडेच असावा. प्रभुभोजन किंवा मिस्सा (येशूच्या बलिदानाच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारसाची उपासना) म्हणजे आपण नेमकं काय करतो, याची चर्चा इथून फार चांगली सुरू होते.

क्षमेसाठी मत्तय १८ घ्यावं, पण गणित हातात घेऊन. तिथल्या दाखल्यात राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज सोडतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्याचं छोटं कर्ज सोडत नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २०:२ वरून कळतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. नाक्यावरच्या मजुराची रोजची मजुरी सोयीसाठी सहाशे रुपये धरू. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. रुपयांत ३,६०० कोटी. दुसऱ्याचं शंभर दीनार, म्हणजे ६०,००० रुपये. मुलांना फोनवर स्वतः गुणाकार करू द्या. उत्तर कुणी तयार दिलं तर त्याचं वजन कळत नाही.

इथे शिकवणारे हमखास एक चूक करतात: दुसरं कर्ज 'क्षुल्लक' म्हणून उडवून लावतात. साठ हजार क्षुल्लक नाहीत, ती तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई आहे. येशूने तो आकडा मुद्दाम बोचेल इतका मोठा ठेवलाय. आपलं कुणीतरी खरंच काहीतरी बुडवलंय, हे आधी मान्य केलं तरच 'सोडलं' या शब्दाला अर्थ येतो. ते पैसे हवेत विरत नाहीत. ज्याने सोडले त्याच्या खिशातून ते गेलेले असतात. बलिदान आणि क्षमा हे दोन विषय वेगळे का करता येत नाहीत, ते या जागी कळतं. प्रभूच्या प्रार्थनेत कुणी 'अपराध' म्हणतं, कुणी 'ऋण'. मत्तय ६:१२ मध्ये मूळ शब्द ऋणाचाच आहे, आणि लूक ११:४ मध्ये पाप आणि ऋणी दोन्ही एकाच ओळीत येतात. मिश्र गटात हा फरक दडपू नका, तो कामाचा आहे.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. गटात कुणीतरी असं असतं ज्याच्यावर घरात किंवा बाहेर अत्याचार झालाय, आणि ते कुणाला माहीत नसतं. 'सत्तर वेळा सात' क्षमा कर, हे येशूचं उत्तर त्याच्या कानांवर हुकमासारखं आदळतं. म्हणून हा अध्याय कधीही २१व्या वचनापासून वाचायला घेऊ नये. सहाव्या वचनात लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी आहे. पंधराव्यापासून अपराध कसा उघड करायचा त्याचा क्रम आहे: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. 'किती वेळा क्षमा करू?' हा शिष्य पेत्राचा प्रश्न या सगळ्यानंतर, २१व्या वचनात येतो. 'आत्ताच्या आत्ता डोळे मिटून त्याला क्षमा कर' असली प्रार्थना गटात घेऊ नका. एका संध्याकाळीत क्षमा झाली असं वदवून घेतलं की जखम आतच राहते, आणि ते मूल पुढच्या आठवड्यापासून येत नाही. कुणी बोललंच, आणि वय अठराच्या आत असेल, तर 'हे आपल्यातच ठेवू' असं वचन कधीही देऊ नये. पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवावाच लागतो. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो प्रतीवरच छापावा.

एवढं झाल्यावर अब्राहाम. उत्पत्ती २२ दोनदा वाचावं, दुसऱ्यांदा फक्त क्रियापदांवर लक्ष ठेवून. लाकडं फोडली, गाढवावर खोगीर घातलं, तीन दिवसांची वाट. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. पाचव्या वचनात तो चाकरांना सांगतो, आम्ही परत येऊ. मूळ इब्री भाषेतही तिथे अनेकवचनच आहे. तो खोटं बोलत होता, की त्याचा विश्वास होता? इब्री ११:१९ विश्वासाच्या बाजूला उभं आहे, पण ते वचन लगेच वाचू नका, मुलांना आधी भांडू द्या. १९व्या वचनात अब्राहाम परतल्याचं आहे, इसहाकाचं नाव तिथे नाही. हे एखादी मुलगीच शोधून काढते, बहुतेक शेवटच्या बाकावरची. यिर्मया ७:३१ सोबत ठेवावं: लेकरं अग्नीत अर्पण करणं माझ्या मनातही आलं नव्हतं, असं देव तिथे म्हणतो. दोन्ही उतारे समोर असले की 'देवाने सांगितलं तर काहीही करायचं का' हा प्रश्न आंधळा राहत नाही.

ठाण्याची मुलं असतील तर १३२१ची आठवण जरूर काढावी. त्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती संन्यासी संघातला) धर्मप्रचारक आणि त्याचे तीन सोबती याच ठाण्यात श्रद्धेपायी मारले गेले. तलावपाळीवरून रोज जाणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं. स्वतःचा जीव देणं आणि दुसऱ्याचा जीव वेदीवर ठेवणं यातला फरक अब्राहामाच्या मोरिया डोंगरापेक्षा इथे लवकर उलगडतो.

वेळेचं: दीड तासात लेवीय आणि मत्तय एवढंच होतं. अब्राहामाला दुसरा रविवार द्यावा. बारापेक्षा जास्त जण असतील तर दोन गट करावेत, नाहीतर तिघंच बोलतात. ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला तर ठाण्याची मुलं अर्धा तास उशिरा येतात, तेव्हा गणिताचा भाग सुरुवातीला घेऊ नये.

तिसऱ्या रविवारी प्रेषित पौलाने फिलेमोनाला त्याच्या दासाविषयी, अनेसिमाविषयी, लिहिलेलं पत्र. पंचवीस वचनं, एकाच आवाजात, मध्ये न थांबता. अठराव्या वचनात पौल म्हणतो, त्या दासाने तुझं काही देणं केलं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, आणि पुढच्या ओळीत 'मी फेडीन' हे स्वतःच्या हाताने लिहून देतो. फिलेमोनाने पुढे काय केलं ते पत्रात नाही. तिथे पुस्तक मिटायचं आणि पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.