दुर्बीण दुरुस्तीला अंधेरीला जाणार असाल तर

आधी निकाल सांगतो. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दुर्बीण कुरिअरने पाठवू नका. रजा काढा, स्वतः घेऊन जा आणि काउंटरवरचा माणूस जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहितो ते उभं राहून वाचा. त्या एका ओळीने मला जवळपास वीस हजारांना खड्ड्यात घातलं होतं.

आंबोलीची पक्षी बघायची सहल झकास झाली. हिरण्यकेशीच्या वाटेवर शीळकरी कस्तुर मनसोक्त ऐकला, बाकीचं वर्णन करत बसत नाही. शेवटच्या सकाळी महादेवगडावर उजव्या नळीत धुकं धरलं. आधी वाटलं, नेहमीसारखं बाहेरून. एसी गाडीतून उतरलं की भिंगावर बाष्प बसतंच, फडक्याने पुसलं की जातं. हे पुसून जाईना. मोबाइलचा टॉर्च मोठ्या भिंगातून आत मारला तर प्रिझमवर बारीक थेंब चमकत होते. डावी नळी कोरडी ठणठणीत.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), रूफ प्रिझमची म्हणजे सरळ नळ्यांची, इथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतलेली. खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या: वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली, आजीवन वॉरंटी. अशा दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून रबरी रिंगांनी तोंडं बंद केलेली असतात. आत बाष्प धरायचंच तर सील गेल्याशिवाय धरत नाही. आयपीएक्स ७ ही वॉटरप्रूफपणाची पातळी म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आंबोलीचा पाऊस कितीही झोडपणारा असला तरी गळ्यात लटकलेल्या दुर्बिणीला तो एवढं बुडवत नाही.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊ नये. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठा, तिथून मेट्रोने घाटकोपरच्या दिशेने दुसरं स्टेशन, चकाला. इथवर सोपं. पुढचा एक किलोमीटर मात्र वैताग आहे. संकेतस्थळावरचा पत्ता जुना निघाला, रिक्षावाल्याने एमआयडीसीत फिरवून भलत्याच गेटवर सोडलं, आणि केंद्र सापडलं ते एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या जिन्याने, बिनपाटीचं. निघण्याआधी फोन करून इमारतीचं नाव, मजला आणि जेवणाची सुट्टी विचाराच. जेवणाच्या वेळेत शटर खाली येतं आणि बसायला पायरीसुद्धा नाही.

आत गेल्यावर खरा धक्का बसला. तिथे दुर्बीण दुरुस्त करणारं कोणी नव्हतंच! काउंटर कॅमेऱ्यांचा, दुर्बिणी फक्त गोळा करून पुढे पाठवतात. पोराने नळीत एकदा डोकावलं आणि जॉबशीटवर लिहिलं, 'वॉटर डॅमेज'. मी म्हटलं, अहो, पाण्यात पडलेली नाही, सील गेलंय. तो म्हणाला, "सर, ते टेक्निशियन बघतील." टेक्निशियनने तेच दोन शब्द बघितले. काही दिवसांनी मेल आला: पाण्यामुळे नुकसान, वॉरंटीबाहेर, खर्च १६,५०० अधिक अठरा टक्के जीएसटी, एकूण १९,४७०. दुरुस्ती नको असेल तर तपासणीचे १,१८० भरून घेऊन जा. सव्वीस हजारांची दुर्बीण! वॉटरप्रूफ म्हणून विकायची आणि पाण्याच्या नावाखाली वॉरंटी नाकारायची, ही सरळ लूट आहे.

मधल्या काळात फोर्टला बोराबाजारातही विचारून आलो. तिथले जुने कारागीर पोरो प्रिझमच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या वाकड्या नळ्यांच्या, दुर्बिणी सुरेख करतात, बुरशी साफ करतात, दोन्ही नळ्या जुळवून देतात. माझी हातात घेऊन त्यांनी लगेच परत केली. "उघडीन, पुसून देईन, पण गॅस भरायची सोय नाही. पुढच्या पावसात परत हेच." आजोबांची जुनी पोरो असेल तर डोळे झाकून त्यांच्याकडे द्या. सीलबंद रूफ प्रिझम कुठेही उघडू देऊ नका, उघडली की कंपनी हात वर करते.

मग भांडलो. मेलमध्ये बिल, खोक्याचा फोटो, दोन्ही नळ्यांचा टॉर्चचा व्हिडिओ जोडला आणि एकच प्रश्न विचारला: एक नळी कोरडी आणि दुसरी ओली, तर हा पाण्याचा दोष की सीलचा? शेवटी लिहिलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवतोय आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यानंतर सूर बदलला. दुरुस्ती नाही, बदली नग देतो म्हणाले.

बदली नग घेताना घाई करू नका. सही करायच्या आधी रस्त्यावर या. लांबच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही वर्तुळांत कठड्याची रेघ एका पातळीत राहिली तर ठीक. मला दिलेल्या पहिल्या नगात उजवीकडची रेघ पायरी उतरल्यासारखी खाली होती. अशी दुर्बीण पाच मिनिटांत डोकं दुखवते, आणि घरी नेल्यावर 'तुमच्याकडे पडली असेल' हे ऐकायला तयार राहा. मी तिथेच परत केली. नंतर आलेला नग मात्र लखलखीत आहे, माझ्या जुन्यापेक्षा कडेला जास्त स्पष्ट. त्या दिवशी परतीच्या गाडीत झोप लागली नाही एवढा आनंद झाला होता.

नवा सीरियल नंबर बिलावर किंवा पत्रावर शिक्क्यासह लिहून घ्या, वॉरंटी आजपासून की जुन्या तारखेपासून तेही. पट्टा, झाकणं, ट्रायपॉडचा अडॅप्टर घरीच ठेवा. जॉबशीटवर 'आतून बाष्प, बाहेरून इजा नाही' एवढं लिहिल्याशिवाय दुर्बीण हातातून सोडू नका.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवणाऱ्यांसाठी. व्होर्टेक्स या तिथल्या दुर्बीण कंपनीची वॉरंटी कागदावर खरोखर उदार आहे: बिल लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही चालते, फक्त हरवणं, चोरी, मुद्दाम केलेलं नुकसान आणि वरवरचे ओरखडे त्यात नाहीत. पण दुर्बीण इथून परदेशात दुरुस्तीला पाठवलीत तर जाताना कस्टमच्या कागदांवर सीरियल नंबर नोंदवा. तीच वस्तू परत आली तर शुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं एवढ्यावरच लागतं. त्यांनी बदली नग पाठवला की नंबर जुळत नाही, मग सवलत विसरा. त्यापेक्षा भाऊ सुट्टीला येईल तेव्हा त्याच्या हाती पाठवा.

आणि हे सगळं मार्चमध्ये उरका. मी पावसाळ्यात दिली, आणि थंडीचे पाहुणे पक्षी येईपर्यंत गळा रिकामा होता.