मोठा बघून द्या वो

दुपारी बेळगावच्या मासळी बाजारातली गर्दी ओसरली की उरलेल्या माशांचे चेहरे नीट बघता येतात. बांगड्याला तसा चेहरा नसतोच. हेकरू मात्र खालचा जबडा पुढे काढून, कुणीतरी उधारी बुडवल्यासारखा पडलेला असतो. गोव्याकडून चोर्ल्याच्या घाटाने आला तर त्याचा गोबरो होतो.

घाटावरच्या गिऱ्हाइकाला तुकडी मोठी लागते. ‘मोठा बघून द्या वो’ हे भाव विचारायच्याही आधी. पण या घराण्यातला सर्वांत थोरला, महाकाय हेकरू, पाटीवर येताच कामा नये. प्रवाळखडकांवरच्या हाडाच्या माशांत याच्याएवढा दुसरा नाही, लांबी २.७ मीटर, वजन ४०० किलोपर्यंत जातं. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आलं. कागदोपत्री तो वाघाच्या पंगतीचा.

पंचाईत ओळखण्याची. पिल्लू पिवळंधमक, त्यावर काळे वेडेवाकडे पट्टे. हौशी लोक ते काचेच्या टाकीत सोडतात आणि वर्षभरात टाकी पुरेनाशी होते. चांगलं खाणं मिळालं तर पहिल्या वर्षीच दोन-तीन किलो भरतं. थोराड झाल्यावर रंग करडा होतो आणि मलबारी हेकरूशी गफलत होते. महाकायाचे डोळे अंगाच्या मानाने बारीक, परांवर काळे ठिपके दाट, पाठीवरचे काटे मागच्या मऊ परापेक्षा आखूड.

हा धावत नाही. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात दबा धरतो. तोंड उघडताच आत पाणी ओढलं जातं, त्याबरोबर शेवंड, खेकडा, कधी लहानशी मुशीसुद्धा. चावण्याची भानगड नाही, अख्खं गिळायचं.

खोलातून गळ भराभर ओढला तर पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडावाटे बाहेर येतं. ते टोचू नये, आत ढकलूही नये. वजन लावून मासा परत खोलात उतरवला की दाबाने पिशवी आकसते. बोटीवर फोटो काढत बसलं तर संपलं.

आणि मोठाच हवा म्हणणाऱ्यांसाठी: प्रवाळातल्या बड्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष साठू शकतं. वासाने कळत नाही, शिजवून जात नाही. चिंच-कोकमाचंही तिथे काही चालत नाही.

दोन किलोचा साधा हेकरू घ्यावा. साल जाड असते, ती काढायला सांगावी. डोकं मात्र सोडू नये, गालाचं मांस त्यातच असतं.