करड्या पडद्यावर केस जमले, दिव्यांपाशी अडले

फोटोतल्या माणसामागचं बॅकग्राउंड बदलताना कुरळ्या केसांची कड अखेर जमली! याआधी हिरवा पडदा लावायचो, तेव्हा कानामागे आणि केसांच्या टोकांना हिरवट झाक यायची. ती काढता काढता केसांचा मूळ रंगच मरायचा. म्हणून या वेळी मागे करडा पेपर रोल लावला. कापड नकोच, त्याच्या सुरकुत्या पुढे एडिटिंगमध्ये हमखास डोकं वर काढतात.

पडद्याचा उजळपणा कर्व्ह्ज या टूलने १२८ च्या आसपास, म्हणजे काळा ० आणि पांढरा २५५ यांच्या मधोमध आणला आणि नव्या बॅकग्राउंडवर फोटोचे दोन लेअर (थर) ठेवले. त्यातला खालचा ओव्हरले मोडवर (मोड म्हणजे थर त्याच्या खालच्या चित्रात कसा मिसळायचा ती पद्धत). त्यात मधला करडा रंग नाहीसा होतो, आणि सुटे केस नव्या बॅकग्राउंडवर आपोआप उमटतात. वरचा लेअर नॉर्मल, त्याचा मास्क (थराचा किती भाग दिसायचा ते ठरवणारा साचा) केसांच्या कडेपासून जरा आत ओढलेला. कपाळावरची एक बारीक बट शंभर टक्के झूमवर पाहिली, तर ती मुळापासून टोकापर्यंत शाबूत! एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढणारी टूल्स चापून बसवलेल्या केसांना ठीक आहेत. कुरळ्या केसांचा मात्र ती पार टोप करून टाकतात.

आता अडचण. नव्या बॅकग्राउंडमध्ये डाव्या खांद्यामागे धूसर दिव्यांचे गोळे आहेत, आणि नेमके तिथेच केस गायब. ओपॅसिटी, बर्न, कर्व्ह्ज, सगळं करून पाहिलं. शेवटी कारण ध्यानात आलं: ओव्हरलेमध्ये खालचं बॅकग्राउंड पांढरंशुभ्र असेल तर वरचं काहीही त्याला काळं करू शकत नाही. तिथे मल्टिप्लायच हवा. त्या मोडमध्ये गडद भाग खालचं गडद करतो आणि पांढरा नाहीसा होतो, म्हणून त्याला पडदा पांढरा लागतो.

दरम्यान, ब्लर केलेल्या बॅकग्राउंडवर फोटोइतकाच नॉइज (बारीक रवाळपणा) टाकला. हळूहळू बदलणाऱ्या रंगछटांमधले पट्टे गेले आणि माणूस त्या जागेत खरंच बसल्यासारखा वाटू लागला. फाइल अर्थात १६ बिटची, म्हणजे जास्त बारीक छटा साठवणारी.

पुढच्या वेळी पांढरा पडदा लावायचा, असं इथे लिहिणार होतो. पण त्याची गरजच नाही! ट्रायपॉड, फोकस, एक्स्पोजर तसंच ठेवून रिकाम्या करड्या पडद्याचा एक फोटो घ्यायचा आणि डिव्हाइड मोडने मूळ फोटोला त्याने भागायचं. पडदा पांढरा होईल, कोपऱ्यांतला काळोखही जाईल. मग दिव्यांपुरता मल्टिप्लाय, बाकी ओव्हरले. फक्त त्या बाजूचा रिम लाइट (मागून केसांच्या कडा उजळवणारा दिवा) मंद करावा लागेल, कारण पडद्यापेक्षा उजळ केस भागाकारात पांढरे होऊन पुन्हा हरवतील. पांढऱ्या केसांवर हे कुणी केलं असेल, तर रिम लाइट किती ठेवला ते नक्की सांगा.