तुम्ही विचारलंत म्हणून: एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, मुलं दहा मार्कांसाठीच येतात ना?

हो, येतात. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, प्रवेशाच्या वेळी पालकांकडून, सगळीकडे हाच प्रश्न. "एनएसएस म्हणजे झाडू मारायचा आणि मार्क घ्यायचे. त्यात कसलं आलंय चारित्र्य, मॅडम?"

दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, की आमच्याकडे दहा वाढीव गुण मिळतात. त्यासाठी नाव नोंदवणाऱ्या पोराला मी कमी लेखणार नाही. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत योजना सुरू झाली. तेव्हाची मुलं तरी सगळी निरिच्छ होती असं कुणी छातीठोकपणे सांगावं? मुलगा कशासाठी आला, यापेक्षा तो आल्यावर काय बघतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

एका शिबिरात आम्ही ओढ्याचं पाणी अडवायला वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि ओढ्यात थर लावायचे. जागा गावच्या एका वजनदार माणसानं दाखवलेली, त्याच्याच विहिरीला लागून. तिसऱ्या दिवशी मुली कपडे धुवायला ओढ्यानं खाली गेल्या. तिथं वस्तीतल्या बायका म्हणाल्या, वर पाणी अडवलंत की आमच्याकडं काय येणार?

रात्री शाळेच्या खोलीत चर्चा पेटली. कॉमर्सचा एक मुलगा, जो पहिल्याच दिवशी "मी मार्कांसाठी आलोय" म्हणाला होता, तो उठला. "मॅडम, उद्या मी गोणी उचलणार नाही."

मी म्हटलं, मग हे मला नको, गावच्या पंचांना सांग. मी शेजारी बसते.

सकाळी ग्रामपंचायतीत तो बोलला. आवाज कापत होता, पण विहीर कुणाची आणि ओढा कुणाचा, हे त्यानं विचारलं. उत्तर आलं, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं." त्या दिवसापासून गावातून येणारी भाजी आणि दूध बंद. उरलेले दिवस आम्ही सोबत नेलेल्या डाळ-तांदळावर काढले. बंधारा वर झाला नाही, खालीही नाही.

मला वाटलं होतं, निदान वस्तीला बरं वाटेल. निघताना तिथली एक बाई म्हणाली, "तुम्ही आज जाल बाई. आम्हाला यांच्याच रानात मजुरीला जायचंय."

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. पूर्वी शिबिरातल्या बौद्धिकात, म्हणजे व्याख्यानात, मी ठासून सांगायचे, श्रमदानानं माणूस घडतो. आता म्हणते, प्रश्न विचारल्यानं घडतो. पण लगेच वाटतं, तीन दिवस माती भरली नसती तर त्याला तो प्रश्न सुचला असता का? आणि त्याच्या घडण्याची किंमत त्या बाईनं का मोजावी? तरीही त्याला गप्प बसवायला हवं होतं, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. गप्प राहायला शिकवणाऱ्या जागा त्याला आयुष्यात भरपूर मिळतील.

दहा मार्क त्याला मिळाले. तास भरले होते.

यंदा शिबिरासाठीचं दत्तक गाव बदला, असा सल्ला सगळ्यांनी दिलाय. मी त्याच गावाचं नाव लिहून अर्ज दिलाय. या वेळी शिबिराच्या आधी वस्तीत जाऊन बसायचं आहे. त्यांनी येऊ नका म्हटलं, तर नाही जाणार.