बरणी ओतून द्यायची का?

आषाढात गावात गॅस्ट्रोची साथ लागली, तेव्हा मी त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. खाटा पुरेनात म्हणून व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाइन लावावी लागली. त्याच रात्री ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून द्यायची सूचना मी घाईघाईने लिहून दिली: पाणी उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका, आणि तिसरे वाक्य, ‘शिळे व साठवलेले अन्न टाकून द्या.’

सकाळी साठीच्या एक मावशी चिनीमातीची बरणी कडेवर घेऊन आल्या. “बाई, ही ओतून देऊ का? भोंग्यावर तसं सांगितलंय.” मी दादरा सोडायला लावला. कैरीच्या फोडी खाली दबून बसल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटभर तेल उभे होते. वैशाखात घातलेले ते लोणचे घरातल्या सहा माणसांचे वर्षाचे तोंडीलावणे होते, आणि पावसाळ्यात भाजी परवडत नाही त्या दिवसांत तर तेच कालवण.

माझ्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला उमगला. कैरीचा आंबटपणा आणि सढळ हाताने घातलेले मीठ यांत जुलाबाचे जंतू वाढत नाहीत; पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू तर आम्लात तग धरतच नाही. आंबटपणा मोजणारा पीएच (आकडा जितका कमी, तितके जास्त आंबट) ४.६ पेक्षा कमी असला की बोटुलिझमचे, म्हणजे हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या जंतूमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, विषही तयार होत नाही. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवते, आणि म्हणूनच आंबटाशिवाय नुसत्या तेलात बुडवून ठेवलेला लसूण धोक्याचा असतो; पण मावशींच्या बरणीची गोष्ट तशी नव्हती. मी विचारले, “यात ओला चमचा जातो का?” त्या जवळजवळ रागावल्याच. “ओला हात लागला तर बुरशी येईल की हो!”

आदल्या दिवशी आशाताईंनी घरोघर भरून आणलेले तक्ते मी पुन्हा पाहिले. लोणचे सगळ्या गावाच्या घरांत होते, आजारी माणसे मात्र बहुतेक खालच्या आळीतली होती, आणि तिथली नळाची जलवाहिनी गटारातून गेलेली. आरोग्यसेवकाने त्या आळीच्या नळाचे पाणी ओटी चाचणीच्या नळीत धरले, तेव्हा ते पिवळे झालेच नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. साथीत नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायला हवा.

तरीही ‘लोणचे खा, काही होत नाही’ असे सरसकट सांगायला मी धजावले नाही. नाक्यावरच्या खानावळीत टेबलावर गाजर-काकडीचे ‘लोणचे’ होते: कालच चिरलेले, त्याच नळाच्या पाण्याने धुतलेले, थोडे मीठ आणि तयार मसाला लावलेले. त्याला पाणी सुटले होते आणि आंबटपणा नावापुरताच होता. नाव एकच असले तरी ही खरे तर कोशिंबीरच होती. २०१२ साली जपानच्या होक्काइडोत अशाच, काही तास मिठात ठेवलेल्या चिनी कोबीच्या लोणच्यातून ई. कोलाय ओ१५७ हा रक्ती जुलाब करणारा जंतू पसरला होता. १६९ जण आजारी पडले आणि ८ दगावले. मुरायला वेळच मिळाला नाही, तर मीठ आणि आंबट यांचे काम होत नाही. ते पातेले मी मालकाला समजावून माझ्यासमोर रिकामे करवले.

वाळवणांचाही प्रश्न आला. वाळल्याने जंतू मरतातच असे नाही, ते निपचित पडून राहतात. पण सुकवलेली गवार किंवा वांगी खळखळून शिजतात आणि सांडगे, कुरडया कडकडीत तेलात तळल्या जातात, तेव्हा ती भीती उरत नाही. भिजवल्यावर ती तशीच तासन्‌तास ठेवू नयेत, एवढे मात्र आवर्जून सांगितले.

दुपारी भोंग्यावर दुरुस्त सूचना गेली: मुरलेले, आंबट, तेलाखालचे लोणचे टाकू नका, ते कोरड्या चमच्याने काढा आणि काढण्याआधी हात साबणाने धुवा, ताजे कालवलेले, पाणी सुटलेले लोणचे व कच्ची कोशिंबीर साथ संपेपर्यंत बंद ठेवा. पाणी उकळण्याचे वाक्य आम्ही दोनदा वाचायला लावले.

संध्याकाळी खालच्या आळीतून परतताना एका उकिरड्यावर पावसाच्या पाण्यात पिवळे तेल पसरलेले दिसले आणि त्यात कैरीच्या फोडी होत्या. त्या घरची सून दारातच उभी होती. मी तिला सांगितले की काल रात्रीचे ते वाक्य माझे होते आणि ते चुकीचे होते.