मागील पानावरून पुढे

इंग्लंडात रेडिंगला मुलीकडे आले की माझा शुक्रवार ठरलेला असतो. संध्याकाळी कणीक मळून झाकून ठेवायची, हात धुवायचे आणि नातीच्या टॅबवर ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांचा त्या आठवड्याचा नवा तक्ता उघडायचा. शंभर क्रमांक, शंभर गाणी. त्यातली पंचाण्णव मी ऐकलेली नसतात. उरलेली पाच ऐकली नसती तरी चाललं असतं.

"अगं आजी, गाणी ऐक ना! आकडे काय वाचत बसतेस?"

हिला काय सांगू? एकतीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या मी. या तक्त्यात प्रत्येक गाण्यासमोर गेल्या आठवड्याचा क्रमांक असतो, आजवर गाठलेला सर्वांत वरचा क्रमांक असतो आणि तक्त्यात किती आठवडे झाले तेही असतं. मला ते पासबुकच वाटतं. मागील शिल्लक, आजची शिल्लक, खातं कधी उघडलं. गाणं कळलं नाही तरी त्याची कुंडली लगेच कळते. एक आठवडा झालाय आणि थेट चौथा क्रमांक, म्हणजे याच्या गायकाचे चाहते दबा धरून बसले होते. पुढच्या शुक्रवारी हेच गाणं तिसाव्या क्रमांकावर सापडणार! आणि एखादं बिचारं सात आठवडे दोन-दोन पायऱ्या चढत असतं. माझा जीव अशाच गाण्यांत अडकतो.

आकड्यांचा हा नाद तसा जुना. साताऱ्याला शेजारच्या काकांकडे रेडिओ होता आणि बुधवारी रात्री आठला त्यांच्या ओटीवर अख्खी आळी गोळा व्हायची. बिनाका गीतमाला. अमीन सयानींनी "पायदान" म्हटलं की पोरं श्वास रोखायची. कुठलं गाणं किती पायऱ्या चढलं, कुठलं घसरलं, हे मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचे. त्यासाठी मारही खाल्लाय.

गंमत म्हणजे गीतमाला आणि हा ब्रिटिश तक्ता जवळजवळ जुळी भावंडं. गीतमाला सुरू झाली 1952 च्या डिसेंबरात आणि ब्रिटनचा पहिला तक्ता छापून आला त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला, 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकात. तिथल्या जाहिरात विभागातले पर्सी डिकिन्स यांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन केले, तुमच्याकडे काय खपतंय ते विचारलं आणि बेरीज मांडली. यादी बाराची, पण बरोबरीमुळे गाणी झाली पंधरा. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. बारा रकान्यांत पंधरा नावं बसवणं काय असतं, ते मार्चअखेरीला ताळेबंद जुळवणाऱ्यांना विचारा. त्या पहिल्या यादीत सर्वांत वर होता गायक अल मार्टिनो, आणि तो नऊ आठवडे तिथून हलला नाही.

तेव्हाचा हिशोब सरळ होता. रेकॉर्ड विकली गेली, एक आकडा वाढला. घरी नेऊन तुम्ही ती एकदा वाजवा नाहीतर शेजारी वैतागेपर्यंत वाजवा, दुकानदाराला काय त्याचं! 2014 पासून मात्र इंटरनेटवरून ऐकलेलं गाणंही मोजायला लागले आणि सगळा ताळाच बदलला. आता पैसे भरून ऐकणाऱ्यांनी शंभर वेळा ऐकलं की एक विक्री धरतात. जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्यांची सहाशे ऐकणी झाली, तर एक. चिल्लर मोजण्यातला हा काटेकोरपणा मला मनापासून आवडतो.

पण विकत घेणं एकदाच होतं, ऐकणं थांबत नाही. त्यामुळे गाणी तक्त्यातून उठेचनात. त्यात 2017 च्या मार्चमध्ये एड शीरन या गायकाचा अल्बम आला आणि पहिल्या वीसांत त्याची एकट्याची सोळा गाणी लागली. पहिल्या पंगतीला यजमानाच्या घरचीच सोळा माणसं बसावीत आणि पाहुण्यांना चारच पाट उरावेत, तसं झालं. तक्ता सांभाळणारी मंडळी हबकली. त्यांनी नियम केला की एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी धरायची. शिवाय आणखी एक नियम केला, आणि खरं तर त्या दुसऱ्या नियमापायीच मी हे सगळं लिहायला बसले.

गाण्याला नऊ-दहा आठवडे झाले आणि लागोपाठ तीन आठवडे त्याची घसरण दिसली, की त्याचं माप निम्मं करतात. शंभर ऐकण्यांच्या जागी दोनशे, सहाशेच्या जागी बाराशे. तीन वर्षांहून जुनं गाणं तर सरसकट या निम्म्या मापातच. थोडक्यात, लोक ऐकत असले तरी कार्यालय म्हणतं, आता तुम्ही बसा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली (स्वेच्छा कोणाची, तो विषय वेगळा), त्यामुळे हे वाचून मला जरा लागलंच. आमच्या गीतमालेतही गाणी निवृत्त व्हायची. पण फार आठवडे टिकलेल्या गाण्याला 'सरताज' म्हणायचे, बिगुल वाजायचं आणि मग त्याला यादीतून मोकळं करायचे. शाल-श्रीफळ देऊन निरोप. इथे निरोप नाही, समारंभ नाही, गुपचूप पगार अर्धा! मला विचाराल तर सयानींची रीत जास्त माणुसकीची.

अर्थात या नियमालाही वाकावं लागलं. केट बुश या गायिकेचं 1985 चं गाणं तेव्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. 2022 मध्ये ते एका अमेरिकन मालिकेत वाजलं आणि नातीच्या वयाची पोरं वेड्यासारखी ऐकू लागली. पण नियमाप्रमाणे गाणं निम्म्या मापात. शेवटी अपवाद करून त्याला पूर्ण माप दिलं आणि सदतीस वर्षांनी ते पहिलं आलं. निवृत्त माणसाला सन्मानाने परत बोलावून थेट साहेबाच्या खुर्चीत बसवलं म्हणायचं! त्या शुक्रवारी मी शिरा केला होता. कारण कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या क्रमांकाचं दुःख तर वेगळंच. 1967 मध्ये बीटल्सची दोन्ही बाजूंनी गाजलेली रेकॉर्ड अडून बसली, कारण पुढे गायक एंगलबर्ट हम्परडिंक होता. हा गडी जन्मला मद्रासला, हे कळल्यापासून मी उगाचच त्याच्या बाजूची. 'लास्ट ख्रिसमस' 1984 ला दुसरंच राहिलं आणि पहिलं आलं 1 जानेवारी 2021 च्या तक्त्यात. ते गाणारा जॉर्ज मायकेल त्याआधी चार वर्षं, नेमका नाताळच्या दिवशीच गेला होता. आणि पुढच्या शुक्रवारी तेच गाणं शंभरातसुद्धा नव्हतं. सण संपला, खातं बंद. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रिकामा मांडव बघताना वाटतं तसं वाटलं मला.

एका आठवड्याचं राज्य आपल्याही वाट्याला आलंय बरं का. 1998 च्या फेब्रुवारीच्या शेवटी या तक्त्यात पहिलं होतं 'ब्रिमफुल ऑफ आशा', कॉर्नरशॉप नावाच्या बँडचं. यातली आशा म्हणजे आशा भोसले, आपल्या सांगलीच्या. आधीच्या वर्षी हेच गाणं साठाव्या क्रमांकावर अडलं होतं. दुसऱ्या एकाने त्याचा ठेका वाढवला आणि त्याने सेलिन डिऑनच्या जहाजावरच्या गाण्याला खाली खेचलं. पुढच्या आठवड्यात मॅडोना आली, आशाबाई उतरल्या. आम्ही तेव्हा बँकेत संगणकाशी झगडत होतो. लंडनला काय चाललंय, आम्हाला पत्ताच नाही. माझ्या वहीत ही नोंद राहून गेली, याची हळहळ अजून वाटते.

आता वही रेडिंगच्या घरी असते, फ्रिजवर. तिच्यात एका गाण्याचं खातं मी नियमाने लिहिते. 'मिस्टर ब्राइटसाइड', किलर्स या अमेरिकन बँडचं. 2004 ला दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं, त्याच्या वर कधी नाही. पण पहिल्या शंभरात त्याचे चारशेहून जास्त आठवडे भरलेत, आणि तेही निम्म्या मापावर! 2024 ला तर जाहीर झालं, की कधीच पहिल्या क्रमांकावर न आलेल्या गाण्यांत ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खप याचाच. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते. बढती नाही, बदली नाही, रजा नाही. मॅनेजर येत-जात, पण तिजोरीच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते यांनाच ठाऊक. त्यांना गाणं म्हणता येत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

परवाच्या शुक्रवारी नेहमीसारखी तळापासून सुरुवात केली. ऐंशी, सत्तर, साठ. सापडले आमचे हेडक्लार्क. दोन पायऱ्या वर. वहीत लिहिलं, चष्मा काढला आणि तवा तापत ठेवला.

"आजी, पहिलं कोण आलं?" नातीने बाहेरून विचारलं.

"थांब गं," म्हटलं, "तिथपर्यंत अजून गेलेच नाही."